तिन्हीसांजेची सोबत

परत आल्यावर वाडीतल्या म्हाताऱ्यांनी मला पहिलं विचारलं ते हे, की तिकडे समुद्र नाही, तर माणसं सकाळी उठून बघतात तरी काय? मी म्हटलं, बैल बघतात. सगळे हसले, पण मी थट्टा करत नव्हतो. चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या त्या मुलखात माणूस डोळे चोळत बाहेर येतो तो आधी गोठ्याकडे जातो, बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि मग तोंड धुतो. आम्ही पाण्याच्या रंगावरून दिवस ओळखतो, ते बैलाच्या डोळ्यांवरून ओळखतात. दिवाळी करून मी तिकडे गेलो आणि शिमग्याच्या तोंडावर परतलो. मधल्या दिवसांत काय पाहिलं, काय खाल्लं, कोणाच्या ओट्यावर बसलो, ते ज्यांनी घाट ओलांडलेला नाही त्यांच्यासाठी लिहितो आहे. मी मराठी पाचवीत शाळा सोडलेला माणूस. शुद्धलेखनाला गुरुजींनी हात लावला आहे, बाकीचं माझं.

जाण्याचं कारण आधी सांगतो. मालवणच्या खाली आमची वाडी. घरात माडाच्या रसाची माडी काढण्याचा धंदा. वडील माडावरून पडले, कंबर कायमची गेली, तेव्हा मी दप्तर ठेवून कोयती कमरेला लावली. तिन्हीसांज झाली की आमच्या मांडवात गिऱ्हाईक बसायचं. वडिलांनी स्वतः जन्मात थेंब घेतला नाही, मलाही घेऊ दिला नाही. मग दारूबंदी आली. मांडव मोडला, मडकी पालथी पडली. पिणारे होते तिथेच राहिले. ते चोरून गाळलेली पिऊ लागले, आणि ती माडीपेक्षा वाईट. माझ्यापुढे मुंबईची बोट पकडून खलाशी व्हायचं, एवढंच उरलं होतं. त्या वेळी आमच्या गुरुजींनी पुण्याकडच्या एका केंद्राबद्दल सांगितलं. गावातलं आरोग्य कसं सांभाळायचं आणि दारू सुटायला माणसाला मदत कशी करायची, हे तिथे शिकवतात. जो पास होईल त्याची आपल्याच तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून नेमणूक. म्हणजे पास झालो तर म्हाताऱ्या आईबापांजवळ घरी, नापास झालो तर बोट.

आईला तिकडे जेवायला काय मिळेल, ही एकच काळजी. "झिला, थंय जेवक काय गावतला?" असं म्हणत तिने सुके बांगडे, कुळथाचं पीठ आणि आमसुलं बांधून दिली.

चिंचवड

एसटीचे आणि आगगाडीचे हाल सांगत बसत नाही. चिंचवड स्टेशनावर सकाळी उतरलो, आणि पहिलं जाणवलं ते हे, की श्वास घेतला तर नाकात काहीच येत नाही. खारं नाही, मासळी नाही, कुजलेला पालापाचोळा नाही. नुसती कोरडी थंडी. दोन दिवसांत ओठ फुटले. स्टेशनावरच्या हमालाने माझ्या तोंडाकडे बघून आपणहून सांगितलं, "तूप लावा राव, बोलाया येनार न्हाई उद्या." अनोळखी माणसाची इतकी विचारपूस आमच्याकडे कोणी करत नाही. आम्ही आधी बघतो, मग गाव विचारतो, मग आडनाव, आणि मग वाटलं तर बोलतो.

केंद्र म्हणजे गावठाणाबाहेर, पवनेच्या अंगाला, पत्र्याच्या दोन शेड. शिकायला आलेले बहुतेक मॅट्रिक. माझ्या शेजारच्या खाटेवर नगरकडचा दिगंबर होता. उंच, गोरा, आवाज असा की पत्रा थरथरावा. पहिल्याच संध्याकाळी त्याने व्यसनाच्या राक्षसावर भाषण करून दाखवलं. मी ऐकून इतका हबकलो की जेवलोच नाही. आपल्याला असं चार वाक्यं सलग बोलता येत नाही, मग आपण इथे करायचं काय?

केंद्र चालवणाऱ्या इंदूताई डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, खादीचं लुगडं, आणि सायकलवरून फिरायच्या. बाईमाणूस सायकलवर मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि नंतर त्यांना पायी चाललेलं पाहिलं की चुकल्यासारखं वाटायचं. त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, आधी काय करत होतात. माझी पाळी आली.

"माडी काढत होतो."

शेडमध्ये हशा पिकला. मागून कोणी तरी म्हणालं, "आधी पाजायची, मग सोडवायची. दोन्हीकडनं पगार."

इंदूताईही हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे प्यालेल्या माणसाशेजारी बसायची भीती नाही तुला. बरं झालं. बस खाली."

मी बसलो.

मला वाटलं होतं आता दारूवर धडे सुरू होतील. पहिला धडा नारूचा. हा आजार आपल्याकडे नाही, म्हणून सांगतो. तिकडच्या पायऱ्यांच्या विहिरींतलं पाणी न गाळता प्यायलं की पोटात किडा वाढतो आणि वर्षाने पायातून सुतासारखा बाहेर डोकावतो. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळायचा, रोज इंच-दोन इंच, वर ओलं फडकं बांधायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. "ताणला की तुटतो," इंदूताई सांगायच्या, "तुटला की आत सडतो. तुमच्या घाईने माणसाचा पाय जाईल." दारूच्या आधी नारू का, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते नंतर मोशीत कळलं.

दारूच्या कामाची त्यांची रीत मात्र निराळीच. ज्या घरी जाल तिथे दारू हा शब्द आपण काढायचा नाही. प्यालास का, असं विचारायचं नाही. "वास घेऊ नका. नाक इथे खुंटीला लावून जा," हे त्यांचं वाक्य. माणसाला तलफ येते ती तिन्हीसांजेला, काम संपल्यावर आणि जेवणाच्या आधी. तेवढा वेळ त्याला सोबत करायची. हाताला काही तरी काम घेऊन शेजारी बसायचं, जेवणाचं ताट पडलं की उठायचं. आणि तो प्यालेला असेल त्या दिवशीही बसायचं.

दिगंबरने विचारलं, "आणि उपदेश?"

"उपदेश त्याची बायको करतेय की दहा वर्षं," इंदूताई म्हणाल्या. "उपयोग झाला असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

परीक्षेचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. परीक्षा त्या घेणार नाहीत. ज्या घरी आपली सोबत असेल, त्या घरच्या बाईला त्या शेवटी एकच प्रश्न विचारतील: हा माणूस पुन्हा आला तर दार उघडाल का? बाई हो म्हणाली तर पास. मॅट्रिकवाले खूश झाले, सोपं आहे म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कागदावरची परीक्षा असती तर निदान नापास होणार हे पक्कं ठाऊक असतं.

पिंपरी

मोशीला जाण्याआधी आम्हाला थोडे दिवस पिंपरीच्या छावणीत लस टोचण्याच्या कामाला नेलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे लष्कराच्या जुन्या बराकींत राहतात. घरदार, जमीन, सगळं मागे टाकून आलेली, पण बराकीचा उंबरा असा घासलेला, की त्यावर भात वाढून घ्यावा. एकीकडे शिवणयंत्र, एकीकडे पापडांची वाळवण, आणि पोरं सगळी शाळेत. मी शाळा सोडली त्या वयाची ती पोरं पाटी घेऊन जाताना बघून मला बरं वाटलं आणि थोडं बोचलंही.

एका आजीबाईंनी मला खाटेवर बसवून भाजलेला पापड आणि पाण्याचा लोटा पुढे ठेवला. मी मनात म्हटलं, पापड आला म्हणजे पान मांडताहेत. पापड खाल्ला आणि बसून राहिलो. आजीबाई माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. शेवटी त्यांनी दुसरा पापड आणला. तोही खाल्ला. बाहेर आल्यावर दिगंबर पोट धरून हसला. घरी आलेल्याला पाण्याबरोबर पापड द्यायचा ही त्यांची रीत, आपण गूळपाणी देतो तसा. जेवणाचा त्याच्याशी संबंध नाही. "कोकणात गूळपाणी दिलं की पुरणपोळीची वाट बघत बसता का रे?" हे त्याने मला पुढे कितीदा तरी ऐकवलं.

तिथून जवळच इंजेक्शनं तयार करण्याचा नवा मोठा सरकारी कारखाना. आम्हाला लांबूनच दाखवला. पांढऱ्याशुभ्र इमारती, भोंगा झाला की फाटकातून सायकलींची रांग. आजूबाजूला अजून ज्वारी उभी आणि मधोमध हे. परदेशातून यायचं ते औषध आता इथे बनतं, असं इंदूताईंनी सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज जरा बदलला. त्यांची धाकटी बहीण असं औषध मिळालं नाही म्हणून गेली, हे मला नंतर कळलं.

मोशी

मोशी इंद्रायणीकाठी. दिगंबर आणि मी शाळेच्या मागच्या खोलीत राहिलो, दोघांना दोन घरं नेमून दिली होती. माझं घर बबन गाडीवानाचं. बबन म्हणजे तिशीचा, आडव्या हाडाचा माणूस. घरची थोडी शेती, पण खरा धंदा बैलगाडीचा: नदीची वाळू पिंपरीच्या बांधकामांवर न्यायची आणि बाजाराच्या दिवशी कांदा चाकणला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही गल्लीतून चाललो होतो. दिवेलागणीची वेळ. आपल्यासारखंच तिकडेही त्या वेळी दार लावत नाहीत, लक्ष्मी यायची वेळ असते. सगळ्या घरांची दारं सताड उघडी, आत रॉकेलच्या चिमण्या लागलेल्या, चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज. फक्त एक दार बंद. कौलांतून धूर येत होता, म्हणजे माणसं आत होती.

"हेच तुझं घर," दिगंबर म्हणाला.

मी दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. आतून बाईचा दबलेला आवाज येत होता आणि काही तरी भांडं आपटलं. आम्ही परत फिरलो. सकाळी गेलो तेव्हा बबनची बायको यसूबाई अंगण झाडत होती. मी कोण, कशाला आलो, ते चाचरत सांगितलं.

"दवा देनार का?"

"हो. म्हणजे, नारू, खरूज, ताप..."

"मग ह्यांच्या पायाला नारू हाय. बगा." आणि झाडू हातात तसाच ठेवून म्हणाली, "तुमी लई बारीक हाय हो. कोकणात भाकरी न्हाई मिळत?"

असा मी त्या घरात शिरलो, नारूच्या मागून. बबनच्या घोट्याजवळ किडा डोकावत होता. गाडी परतायची दिवस मावळताना, म्हणून मी तेव्हाच जायचो. काडीला थोडा गुंडाळायचा, ओलं फडकं बांधायचं, आणि मग काही तरी निमित्त काढून बसायचं. निमित्त दोरीचं सापडलं. तिकडे घायपाताचा वाक, म्हणजे धागा, काढून त्याचे बैलांसाठी कासरे वळतात, आणि दोरखंड वळायला दोन माणसं लागतात: एक टोक धरायला, एक पीळ द्यायला. मी लहानपणापासून काथ्याचा सुंभ वळत आलो. वाकाची चूड घेऊन मांडीवर वळायला बसलो, तर बबन हसायला लागला.

"तुमच्या कोकनात मांडीवर वळत्यात व्हय? बायकांवानी? आन हिकडं." त्याने टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः अंगणाच्या त्या कडेला जाऊन पीळ द्यायला लागला. "ताणून धर राव. झोपला का काय?"

त्या दिवशी ताट पडेपर्यंत तो घरीच होता. मी खोलीवर येऊन दिगंबरला जागं करून सांगितलं. तो म्हणाला, "एका दिवसाने काय होतं?" खरंच होतं त्याचं.

पण आठवडाभर, दोन आठवडे असंच चाललं. कधी तो असायचा, कधी उशिरा यायचा आणि तिरपा बसायचा. मी नाक खुंटीला लावून गेलेलो असायचो. यसूबाई दार मात्र लावूनच घ्यायची. मी आत असलो तरी कडी. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "लक्षुमी यायची तवा येईल. येनारा-जानारा आत बगतो, त्याचं काय? आदी ह्यांची लाज तर झाकू द्या."

जेवायला ती रोज बोलवायची. बाजरीची भाकरी, हुलग्याचं, म्हणजे आपल्या कुळथाचं, माडगं, ठेचा असा की दोन्ही कानांतून धूर. तिकडे भाकरी एका हाताने मोडतात आणि कांदा मुठीने फोडतात. मला दोन्ही जमत नव्हतं. मी दोन्ही हातांनी भाकरीशी झगडताना बघून त्यांची पोर खिदळायची. नियम ताट पडलं की उठायचा, पण त्या घरात उठू देत नसत. मी आमसुलाची कढी करून दिली, तेव्हा बबनने एक घोट घेऊन विचारलं, "पाय धुवायचं हाय का प्यायचं?"

मग तो दिवस आला. मी गेलो तर बबन ओसरीवर, भिंतीला टेकून, डोळे लाल. मला बघून म्हणाला, "आला का कोकनी देव? बस. प्यालोय मी. जा, सांग जा तुज्या बाईला. आन हे बग, तुजं काम बी करून टाकलं."

त्याने काडी धरून नारू ओढला होता. तुटला होता.

जखम धुतली, बांधली. पळून जावं असं वाटत होतं. पण त्याही दिवशी बसायचं असतं, म्हणून वाकाची चूड घेतली, दोरीचं टोक ओसरीच्या खांबाला बांधलं आणि एकटाच पीळ देत बसलो. दुसरा माणूस नसल्यामुळे पीळ सारखा सुटायचा. बबन शिव्या देत देत झोपून गेला. यसूबाई दाराशी उभी राहून बघत होती. ताट तिने त्या दिवशी माझ्या एकट्यापुढेच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला आणि ताप चढला. दिगंबर मिळेल ती गाडी पकडून चिंचवडला धावला आणि इंदूताईंना घेऊन आला. त्यांनी पू काढला आणि इंजेक्शन दिलं, पिंपरीत तयार होणारं तेच. सलग काही दिवस त्या रोज आल्या, कधी सायकलवर, कधी वाळूच्या ट्रकवर सायकल टाकून. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मीच शेवटी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. सोबत नीट जमली नाही."

त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी तू किती वाजता उठलास तिथून?"

"ताट पडल्यावर."

"मग झालं तर."

पाय वाचला. पण गाडी बंद, बबन घरात, आणि पोटात दारू नाही म्हणून घाम आणि कापरं. त्या दिवसांत मी संध्याकाळीच काय, दुपारीही तिथेच असायचो. इंदूताईंनी गोळ्या दिल्या होत्या, गुळाचं पाणी पाजायला सांगितलं होतं. कापरं उतरलं तसा त्याने स्वतःच एक दिवस हात पुढे केला. "टोक दे हिकडं. तू लई ढिलं वळतो." बसल्या बसल्या आम्ही इतके कासरे वळले, की गल्लीतल्या गाडीवानांना फुकट वाटावे लागले. ते न्यायला येणारे गाडीवान ओसरीवर टेकायचे, नव्या खोंडांच्या गोष्टी करायचे. बबन मधूनच मला सांगायचा की वाळूची खेप सोपी, पण वाळू भरताना नदीचं पाणी बैलांच्या पोटाला लागतं ते जीवावर येतं. माझ्याकडे माडाच्या गोष्टी होत्या. वाऱ्यात माड डोलत असताना वर बसलं की कसं वाटतं, ते सांगितलं तर म्हणाला, "ह्ये खोटं हाय. पर सांग."

चाकण

पाय बरा झाल्यावर त्याची पहिली खेप चाकणच्या बाजाराची. मीही गाडीत कांद्याच्या पोत्यांवर बसलो. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण यसूबाईने आधीच सांगून ठेवलं होतं: परतताना सगळे गाडीवान एका ओढ्यापाशी गाड्या सोडतात, आणि तिथे रबरी ट्यूबमध्ये भरून आणलेली मिळते. "तितनं सरळ घरी आलेले ह्ये मला आटवत न्हाईत," ती म्हणाली होती.

चाकणचा बाजार बघण्यासारखा. कांद्याचे लालभडक ढीग, धूळ, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि दलाल-शेतकरी एकमेकांचे हात उपरण्याखाली धरून बोटांनी भाव करताहेत. तोंडाने मात्र घरची खुशाली चाललेली. आमच्याकडे मासळीचा भाव सगळ्या किनाऱ्याला ऐकू जातो. मी तिथे भेळ खाल्ली, आणि पाणी मागत तीन दुकानं फिरलो.

बबन म्हणाला, "माल उतरंपर्यंत किल्ला बगून या." भुईवरचा किल्ला मी कधी पाहिला नव्हता. आमचा किल्ला समुद्रात उभा, चारी बाजूंनी लाटा खात. हा सपाट जमिनीवर, खंदकात गवत, बुरुजावर शेळ्या. समुद्र नाही, डोंगर नाही, तरी माणसांनी इथे उभं राहून लढावं, याचं मला फार वाटलं. बुरुजावर बसलो तो बसलोच. खाली आलो तर अड्ड्यावर बबनची गाडी नव्हती.

"मोशीच्या गाड्या गेल्या की राव," कोणी तरी म्हणालं. "मगाशीच."

मी धावत सुटलो. ज्या एका दिवसासाठी सोबत होती, तोच दिवस मी शेळ्या बघण्यात घालवला होता. धाप लागली की चालायचो, पुन्हा धावायचो. दिवस कलला. एका विटांच्या ट्रकवाल्याने मागे बसवलं. ओढा आला, तिथे तीन-चार गाड्या सोडलेल्या, माणसं गोल करून बसलेली, हसण्याचा आवाज. धुळीतून बबनची गाडी दिसते का बघत होतो, पण ट्रक थांबला नाही.

मोशीत उतरलो तेव्हा घरांतून चिमण्या लागल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशीच मी थबकलो. मग पुढे गेलो.

बबनच्या अंगणात बैल बांधलेले होते. अंगणाच्या एका कडेला बबन पीळ देत होता. दुसऱ्या कडेला, पदर कमरेला खोचून, दोरीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून यसूबाई उभी होती.

"आला का किल्लेदार? लई वाट बगितली तुजी." बबन म्हणाला. "ताणून धर गं. त्याच्याकडं काय बगती?"

मी काही विचारलं नाही. नाक तर चिंचवडलाच होतं. ओसरीवर बसून दोघांकडे बघत राहिलो. मला त्या दिवशी करायला काही कामच नव्हतं.

ओटा

शिमगा जवळ आला तेव्हा इंदूताई मोशीला आल्या. आधी दिगंबरच्या घरी गेल्या. तिथल्या म्हातारीने सांगितलं, "भाशन लई झ्याक करतो. पर म्हातारा भाशन सुरू झालं की निगूनच जातो." दिगंबरला आणखी एक सत्र राहायला सांगितलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "गड्या, ह्या वेळी तोंड शिवून येतो." त्याच्या मनाचा मोठेपणा असा, की मला धीर द्यायला तोच माझ्याबरोबर आला.

दिवस मावळायला आला होता. बबन नदीवर बैल धुवायला गेलेला. इंदूताई ओट्यावर बसल्या, मी खाली अंगणात, पायाच्या अंगठ्याने माती उकरत.

"कसा वाटला हा मुलगा?"

"ह्यो?" यसूबाईने माझ्याकडे बघितलंही नाही. "ह्याला भाकरी मोडाया येत न्हाई. ठेचा खाऊन रडतो. दोरी वळतो ती ढिली. आंबट पानी पाजलं आमाला. चाकणला नेला तर हरवला, वर आमीच काळजी करायची. बोलाया तर येतच न्हाई, चार शब्द इचारले तर दोन सांगतो."

दिगंबर खाली मान घालून उभा राहिला. मला डोळ्यांपुढे मालवणचा धक्का दिसायला लागला, आणि धक्क्याला लागलेली बोट.

इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "ते असू दे. मी एकच विचारते. हा पुन्हा आला, तर दार उघडाल का?"

यसूबाईने आता कुठे मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाई."

आणि हाताने मागे दाखवलं. "उगडायचं कशाला? बगा की. आता ह्या वक्ताला आमचं दार लावलेलं नसतंच."

मी वर बघितलं. गल्लीतल्या बाकीच्या दारांसारखंच ते दार भिंतीला टेकलेलं होतं. आत चिमणी लावलेली, तिचा उजेड उंबऱ्यावरून अंगणात आलेला. चाकणच्या दिवसापासून ते तसंच असणार. मी रोज त्यातूनच आत जात होतो, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इंदूताई उठल्या, पदर सारखा केला. "चहा टाकता का, यसूबाई?" एवढंच म्हणाल्या. तोच माझा निकाल.

निघताना बबनने एक कासरा दिला, आम्ही दोघांनी वळलेला. आमच्याकडे बैल नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, वाडीच्या टोकाला भिवा खोताच्या घराशी गेलो. एके काळी आमच्या मांडवात रोज बसणारा तो. दार बंद होतं. वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं, आणि भिवाकाका मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "काय रे, आदी तूच पाजलंस, नि आता तूच सोडवूक इलंस?"

मी नाक पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला ठेवून आलो होतो. बगलेतली काथ्याची जुडी पुढे केली आणि म्हटलं, "काका, सुंभ वळूक दुसरो माणूस गावना नाय. ह्या टोक धरशात?"